फलाट चारसमोरचं डबकं: तीनदा बुजवलं, तीनदा परत आलं

गेल्या दीड वर्षात आमच्या बसस्थानकावरचा एकच खड्डा तीन वेळा बुजवला गेला. पहिल्यांदा खडी-मुरूम टाकून, दुसऱ्यांदा डांबर ओतून, तिसऱ्यांदा पेव्हर ब्लॉक बसवून. दर वेळी महिना-दोन महिन्यांत डबकं होतं त्या जागी हजर. गाडी फलाटाला लागताना पुढचं चाक नेमकं त्यात जातं, फचकन पाणी उडतं आणि पुढच्या माणसाची पँट नाहीतर बाईची साडी जाते. रोजच्या लोकांना हे इतकं पाठ झालंय की चार नंबरला सगळे दोन पावलं मागे उभे राहतात. नवखा माणूस पुढे मोकळी जागा दिसली म्हणून खुशाल जाऊन उभा राहतो.

स्थानक कुठलं, एसटीचं की पीएमपीचं (म्हणजे शहर बसचं), ते मुद्दाम सांगत नाही. नाव घातलं की गप्पा 'चूक कुणाची' यावर जातात आणि मला दुरुस्तीबद्दल लिहायचंय. पुण्यात ज्याचं रोज बसशी काम पडतं, त्याला आपल्या स्थानकावर असं एखादं डबकं सापडेलच.

माझा धंदा सोसायट्यांमधली गळती काढण्याचा. बावीस वर्षं तेच करतोय. 'ओल येते' म्हणून माणूस बोलावतो आणि ज्या भिंतीकडे बोट दाखवतो तिथे दोष क्वचितच असतो. पाणी शिरतं एकीकडून, दिसतं भलतीकडे. हे सगळं ठाऊक असूनही रोज सकाळी सात दहाची गाडी पकडताना सव्वा वर्ष मी त्या डबक्याला नुसत्या शिव्या घातल्या. घरचा वैद्य म्हणतात तो असा.

आधी घड्याळ, मग फावडं

मार्चचे दिवस होते. वळवाला अजून महिना-दीड महिना होता, आभाळ ठणठणीत कोरडं, आणि डबकं काठोकाठ. तेव्हा कुठे डोक्यात आलं की याला आपण पावसाचं पाणी म्हणतोय खरं, पण पाऊस आहे कुठे?

झाडणाऱ्या मावशी शेजारीच वायपर घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, हे पाणी कुठनं येतंय हो?"

"मला काय ठाऊक दादा. सहाला येते तेव्हा असतंच. मी ओढते, दुपारपर्यंत वाळतं, उद्या परत."

"रविवारी पण?"

"रविवारी पण. गुरुवारी नव्हतं. गेल्या गुरुवारी नव्हतं, त्याच्या आधीच्या पण नव्हतं."

गुरुवार ऐकला आणि मी तिथेच हसलो. पुणेकराला हे सांगायला नको. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुतेक गुरुवारी, आणि बातमीच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. त्या दोन्ही गुरुवारी आमच्या भागाचं पाणी बंद होतं. म्हणजे डबक्यातलं पाणी आभाळातलं नव्हतंच, नळातलं होतं.

पुढचे चार दिवस मी पहाटे पाचला स्थानकावर गेलो. (घरच्यांनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.) वहीत वेळा टिपल्या. पाचला कोरडं. साडेपाचला फलाटाच्या कडेच्या फरशीच्या सांध्यातून ओल. सहाला डबकं. साडेसातनंतर पाणी वाढायचं थांबलं. चारही दिवस हाच क्रम.

कुठल्याही गळतीत मी पहिल्यांदा हत्याराला हात लावत नाही, वेळा लिहितो. पाणी चोवीस तास येत असेल तर मुख्य लाइन फुटलेली असते. रोज ठरावीक वेळी येत असेल तर टाकी किंवा पंप. पावसातच येत असेल तर छत, पन्हळ किंवा तुंबलेलं गटार. आणि माणसांची गर्दी असते तेव्हा, म्हणजे सकाळी नऊ-अकरा आणि संध्याकाळी पाच-आठ, वाढत असेल तर शौचालयाची लाइन. शेवटच्या प्रकाराला वासही असतो, तेव्हा वाकून नाक लावायला लाजू नका. लोक बघतात, बघू देत.

वही घेऊन कंट्रोलरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, टाकी तिकडं कँटीनच्या डोक्यावर, डबकं इथं. मधे पन्नास-साठ फूट अंतर. तुमचं काहीतरीच." पण माणूस भला. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी स्वतःहून वायरमनला शिडी घेऊन पाठवलं आणि मलाही वर चढू दिलं.

टाकीचं झाकण उचललं. बॉलकॉकचा दांडा वाकलेला, कुणीतरी तो तांबड्या वायरनं बांधून ठेवलेला. बॉल हातात घेऊन हलवला तर आत पाणी खळखळलं. बॉलला चीर गेली की त्यात पाणी भरतं, तो तरंगत नाही आणि व्हॉल्व्ह कधीच बंद होत नाही. नळाला पाणी आलं की टाकी भरते, आणि पुरवठा थांबेपर्यंत ओव्हरफ्लोतून वाहत राहते. तो ओव्हरफ्लो पूर्वी कँटीनच्या दारात पडायचा. कँटीनवाल्यानं आरडाओरडा केला असावा, कारण पुढे दोन नवे पाइप जोडून कुणीतरी तो फलाटावरच्या पत्र्याच्या पन्हळीत सोडला होता. त्याच्या दारातलं पाणी गेलं आणि आमच्या पुढ्यात आलं.

पन्हळीत एक वीतभर पिंपळाचं रोप, एक लहान मुलाची चप्पल, टेनिसचा चेंडू आणि गुटख्याच्या पुड्यांचा थर. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे पन्हळीला कुणी कळवलेलं दिसत नाही. पन्हळीतून पाणी खाली नेणारा डाउनटेक पाइप खांबाच्या आत दडवलेला. दिसायला छान, दुरुस्तीला महाकठीण.

खात्री करायला नीळ वापरली. कपड्यांची साधी नीळ, पाण्याची बाटली निळीशार करून पन्हळीत ओतली आणि मागून दोन बादल्या पाणी सोडलं. पन्हळीत हं, टाकीत नाही. टाकीतलं पाणी लोक पितात. खाली उतरून चहा घेतला. अर्धा कप झाला असेल, पेपरवाले काका ओरडले, "अहो आलं, निळं आलं!" खांबाच्या पायथ्याशी, फरशीच्या सांध्यातून निळी रेघ निघाली होती आणि सरळ डबक्याकडे चालली होती. पाइपाचा तळचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गटाराच्या चेंबरला जोडलेलाच नव्हता. कधी तुटला की मुळात जोडलाच नव्हता, देव जाणे.

म्हणजे पाणी दोन ठिकाणचं, पण वाट एकच. उन्हाळ्यात टाकीचं, पावसाळ्यात छताचं. म्हणूनच डबकं बारमाही होतं आणि बारमाही असल्यामुळेच कुणाला कारण कळत नव्हतं. छताचा हिशेब करून बघा. आमच्या फलाटावरचा पत्रा साधारण चाळीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, म्हणजे ४८० चौरस मीटर. एका दणक्यात २५ मिलिमीटर पाऊस पडला, जो पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कैकदा पडतो, की त्या पत्र्यावर बारा हजार लिटर पाणी जमतं. सोसायटीत येतो तो दहा हजारांचा टँकर भरून वर उरेल इतकं. त्यातलं निम्मं त्या एका खांबातून खाली.

तीन दुरुस्त्या का फसल्या

मुरूम-खडीबद्दल बोलायलाच नको. साचलेल्या पाण्यावर बसचं चाक आलं की ते पाणी पिचकारीसारखं बाजूला फेकलं जातं आणि जाताना बारीक माती घेऊन जातं. आठवड्यात नुसती खडी उरते, आणि ती मग टायरखालून सुटून लोकांच्या नडगीला लागते.

डांबराचं थोडं समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी तेच टाकतात. डांबर वाहत्या रस्त्याला ठीक. बसस्थानकात गाडी येते, ब्रेक मारते, जागच्या जागी चाकं वळवते, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी राहते. भरलेली बारा मीटरची बस म्हणजे पंधरा-सोळा टनांचा मामला. ते वजन उन्हात मऊ झालेल्या डांबरावर एकाच जागी रोज. वर इंजिनाखालून डिझेल-ऑइलचे थेंब, आणि डिझेल डांबराला विरघळवतं. हाताला डांबर लागलं की आपण रॉकेल नाहीतर डिझेलनंच काढतो ना, तसंच. त्यात पाणी साचलेलं. टिकेल कसं?

पेव्हर ब्लॉकनं मात्र माझीही निराशा केली, कारण ते टिकायला हवे होते. एक उखडलेला ब्लॉक उचलून टेपनं मोजला, ६० मिलिमीटर जाडीचा. हे ब्लॉक सोसायटीच्या पार्किंगला, फूटपाथला चालतात. पेव्हर ब्लॉकसाठी आपल्याकडे आयएस १५६५८ हे मानक आहे. त्यात कमी रहदारीला ६० मिलिमीटर आणि बस टर्मिनससारख्या जड वाहतुकीच्या जागी १०० मिलिमीटर जाडी, तीही एम-५० दर्जाच्या काँक्रीटची, असं सांगितलेलं आहे. शिवाय ब्लॉक वाळूच्या थरावर बसतात. खालून रोज पाणी वाहत असेल तर ती वाळू निघून जाते, एक ब्लॉक डुगडुगतो, मग शेजारचा. दाढ हलायला लागली की शेजारचीही हलते तसं.

आणि चौथी गोष्ट, जी तिन्ही वेळेला कुणी पाहिली नाही: उतार. पाणी काढायची जाळी त्या खड्ड्यापासून नऊ मीटरवर आहे. साठाला एक असा उतार धरला तरी जाळी खड्ड्यापेक्षा पंधरा सेंटीमीटर खाली हवी. मी आणि वायरमननं पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढली. गवंड्यांची जुनी पद्धत, काडीचा खर्च नाही. जाळी खड्ड्यापेक्षा दोन सेंटीमीटर वर निघाली. दर दुरुस्तीला मधे कुठेतरी एक थर चढत गेला होता आणि पाण्याला जाळीपर्यंत जायचं तर डोंगर चढून जावं लागत होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पाणी येतंय ते थांबवा: बॉल बदला, ओव्हरफ्लो दिसेल अशा जागी काढा. ओव्हरफ्लो लपवू नये, तो वाहायला लागला की कुणालातरी दिसलाच पाहिजे, त्यासाठीच तर तो असतो. मग येणाऱ्या पाण्याला वाट द्या: पन्हळ साफ, एल्बो चेंबरला जोडलेला, जाळी मोकळी. खड्डा सगळ्यात शेवटी, आणि तो बुजवताना फक्त खड्ड्यापुरतं नको, जाळीपर्यंतचा पट्टा उतार धरून काँक्रीटचा. काँक्रीट ओतल्यावर तो फलाट काही आठवडे बंद ठेवायची तयारी हवी. 'परवा सणाची गर्दी आहे' म्हणून चौथ्या दिवशी गाडी घातली की पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्यक्षात सगळीकडे उलट्या क्रमानं होतं, कारण खड्डा बुजवल्याचा फोटो निघतो. बॉलकॉकचा कोण काढणार?

मुतारीचा वास

दुसरी कायमची तक्रार. इथेही पाणीच, पण यावेळी नको तिथे साचलेलं नाही. हवं तिथे नसलेलं.

शौचालयाच्या जमिनीत जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात दोन-अडीच इंच पाणी कायम साचून राहिलं पाहिजे. ते पाणी म्हणजे गटारातल्या वासाला लावलेलं झाकण. एप्रिल-मेमध्ये कोपऱ्यातला, फारसा न वापरला जाणारा ट्रॅप वाळतो आणि गटाराची हवा सरळ वर येते. वरून कितीही फिनेल ओता, वास जात नाही, दोन वासांचं मिश्रण होतं, तेवढंच. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रोज रात्री प्रत्येक जाळीत अर्धी बादली साधं पाणी. आमच्याकडे मावशींनी हे आठवडाभर केलं आणि निम्मा वास गेला. पैशाचं काम नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

उरलेला निम्मा वास भांड्यांच्या नळीत बसलेल्या पिवळट थराचा. लघवीतले क्षार आणि पाण्यातले क्षार मिळून दगडासारखा थर धरतात, त्यात जंतू राहतात आणि अमोनिया सुटत राहतो. खडकवासल्याचं पाणी तसं हलकं, त्यानं थर हळू धरतो. स्थानकाला बोअरचं किंवा बोअरवरच्या टँकरचं पाणी असेल तर भराभर, कारण आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड. यावर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात दाट कालवून रात्री नळीत ओतायचं, सकाळी ब्रशनं घासून पाणी मारायचं. तीन-चार रात्रींत थर सुटतो.

ॲसिड मारू नका. एका दिवसात पांढरं शुभ्र दिसतं हे खरं, पण टाइल्सचे सांधे खाऊन टाकतं, आणि मग त्या सांध्यांतून लघवी खालच्या कोब्यात मुरते. तो वास पुढे कशानंच जात नाही, फरशी उखडावी लागते. आणि ॲसिडच्या वर ब्लीचिंग पावडर तर कधीच नको. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद जागेत तो झाडणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. आमच्या इथे दोन्ही डबे एकाच कोपऱ्यात शेजारी-शेजारी ठेवलेले होते. मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणूनच डोळे झोंबतात होय!"

एवढ्यावरही वास राहिला तर छतावर जाऊन व्हेंट पाइप बघा. गटाराच्या नळीला श्वास घ्यायला वर उघडा पाइप लागतो, नाहीतर एका भांड्याचं पाणी गेलं की दुसऱ्याच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. आमच्या व्हेंटच्या तोंडावर कुणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधली होती, बहुधा वास येतो म्हणूनच. गंमत वाटते ती याची की हे शहर या कलेत कधीकाळी पुढे होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं ते जमिनीखालच्या नळातून, पंपाविना, निव्वळ उतारावर. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले, नळातली हवा निघावी म्हणून. अडीचशे वर्षांहून जुनी गोष्ट. आपण पिशवी बांधतो.

एक ताकीद. चेंबर तुंबलं असेल तर झाकण काढून माणूस आत उतरवायचा नाही, कितीही घाई असली तरी. २०१३ च्या कायद्यानं त्याला बंदी आहे आणि दर वर्षी माणसं गुदमरून मरतात ती अशीच. जोराच्या पाण्यानं गटार मोकळं करणारं जेटिंग मशीन मागवा.

बाकीचं थोडक्यात

डास: डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास उडतो. पन्हळ, कूलरचं भांडं, पंक्चरवाल्याचे जुने टायर आठवड्यातून एकदा कोरडे केले की ती साखळी तुटते. गप्पी मासे वगैरे त्यापुढची गोष्ट.

कचरा: डबे कुठे ठेवलेत ते बघा. आमचे दोन्ही डबे प्रवेशद्वाराशी होते. माणूस कचरा करतो बसची वाट बघताना, म्हणजे फलाटावर, शेंगा आणि चहाच्या कपांचा. गाडी सुटेल या धास्तीत कोण साठ पावलं चालत जाईल? डबे खांबांपाशी आणल्यावर फरक पडला. झाकण हवं, नाहीतर कुत्री रात्री सगळं बाहेर काढतात.

दिवे: बंद दिव्याची तक्रार खांबाच्या नंबरासकट करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाला, तेव्हापासून अंधारा कोपरा हा नुसता गैरसोयीचा विषय राहिलेला नाही. आवारात मागच्या बाजूला उभ्या करून ठेवलेल्या गाड्यांवर उजेड पडतो का, त्यांची दारं बंद असतात का, एवढं येता-जाता बघायला हरकत नाही.

पंखे आणि घोषणेचे भोंगे यावर मी बोलत नाही. त्यातलं मला कळत नाही, आणि घोषणा तशीही कुणाला कळत नाही.

सांगायचं कुणाला आणि कसं

खरी गाठ इथे बसते. प्रवाशाला स्थानक हे एकच ठिकाण वाटतं, पण हात अनेक असतात. स्वारगेटचंच बघा. एकाच चौकाला लागून एसटीचं स्थानक, पीएमपीचं स्थानक आणि २०२४ पासून खाली मेट्रो. शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेलं. अशा ठिकाणी गटार नेमकं कुणाचं हे विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि बऱ्याचदा खोटं बोलत नसतो. ढोबळ हिशेब असा: फाटकाच्या आतलं स्थानकाच्या मालकाचं, बाहेरचा रस्ता आणि पावसाळी गटार महापालिकेचं, झाडलोट ठेकेदाराची, आणि शेजारी काम चालू असेल तर त्यांनी उखडलेलं त्यांचं. पाणी फाटकाबाहेरून आत येतंय की आतून बाहेर, हे आधी बघून ठेवा. तक्रारीतलं निम्मं भांडण तिथेच मिटतं.

मावशींवर आणि कंट्रोलरवर राग काढू नका. एल्बो जोडायचा अधिकार दोघांनाही नाही. पण पाणी कधी येतं हे ठाऊक असलेली माणसं तीच. तक्रारवही मागायची ती कंट्रोलरच्या खोलीत. ती देणं त्यांचं काम आहे. वहीत लिहिल्यावर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मी पूर्वी एकदा लिहिलं होतं: 'स्थानकावर अत्यंत घाण आहे, प्रशासन झोपले आहे काय?' त्याला उत्तर आलं की नियमित स्वच्छता केली जाते. बरोबरच आहे, मावशी रोज झाडतातच की. यावेळी असं लिहिलं:

'फलाट ४ समोर, जाळीपासून नऊ मीटरवर, रोज पहाटे साडेपाच ते साडेसात पाणी साचते. कारण एक: कँटीनवरील टाकीचा बॉलकॉक नादुरुस्त. कारण दोन: खांबातील डाउनटेकचा तळचा एल्बो चेंबरला जोडलेला नाही. जाळी खड्ड्यापेक्षा दोन सेंटीमीटर उंच आहे. चार दिवसांच्या वेळा व फोटो सोबत जोडले आहेत. आधी या दोन दुरुस्त्या कराव्यात, नंतर खड्डा बुजवावा.'

याला 'नियमित स्वच्छता केली जाते' असं उत्तर देता येत नाही.

पंधरा दिवस वाट बघून काही हललं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. पण 'खड्डा का बुजवत नाही' असं विचारू नका, 'का'ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: तिन्ही दुरुस्त्यांचे कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतली संबंधित पानं, आणि दोषदायित्व कालावधी किती होता ते. हा शेवटचा शब्द पाठ करून ठेवा. त्या मुदतीत काम उखडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं करून द्यायचं असतं, आणि ही मुदत कुणी विचारत नाही म्हणून ती गुपचूप संपते. मी अर्ज टाकला तेव्हा ब्लॉकच्या कामाची मुदत संपायला अजून सात महिने बाकी होते.

सध्या

बॉलकॉक तक्रारीच्या तिसऱ्या दिवशी बदलला. एल्बोला सव्वादोन महिने लागले, कारण खांब फोडायची परवानगी वेगळ्या टेबलावर होती. पावसाळ्याच्या आधी चार दिवस तो जोडून झाला. ब्लॉकच्या ठेकेदारानं जाळीपर्यंतचा पट्टा उखडून पुन्हा बसवला, जाळी खाली घेतली. ब्लॉक मात्र ८० मिलिमीटरचेच आणले. काँक्रीट झालं नाही. जोराचा पाऊस झाला की त्या जागी अजून बोटभर पाणी दिसतं, पण अर्ध्या तासात निघून जातं. लोक मात्र अजून दोन पावलं मागेच उभे राहतात.

परवा सकाळी गाडीची वाट बघत होतो तर मावशी आल्या.

"दादा, दोन नंबरच्या फलाटावरचा पिण्याचा नळ बघता का एकदा? सारखा गळतोय."

"कधी गळतो?"

"कायमच," त्या म्हणाल्या, आणि वायपर भिंतीला टेकवून नीट आठवून सांगितलं, "गुरुवारी पण गळतो."

म्हणजे टाकीवरचा आहे. उद्या वॉशर घेऊन जातोय.